आधी पाणी, मग रंग : फाँतिनेतच्या बोट-लिफ्टसाठी खुलं पत्र

प्रति,
सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
सेंतोमेर परिसर नगरसंघ,
उत्तर फ्रान्स



आपल्या हद्दीतल्या आर्क या गावी नफोसे कालव्याची एक शाखा 1967 पासून वापरात नाही, आणि त्या शाखेवर फाँतिनेतची बोट-लिफ्ट उभी आहे. तिच्या जीर्णोद्धाराबद्दल चार शब्द लिहावेत म्हणून हे पत्र. आपण विचारलेलं नाही, हे कबूल. मी महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अभियंता. नोकरीचा मोठा काळ नीरा डाव्या कालव्यावर गेला. तो कालवाही आपल्या लिफ्टसारखाच 1880च्या दशकातला. फरक इतकाच, की तो आजही बारामती-इंदापूरच्या उसाला पाणी देतो. कुठे भराव खचला, कुठे मोरी गळाली, तर संध्याकाळपर्यंत चार शेतकरी सेक्शन ऑफिसच्या दारात उभे असतात. आपल्या शाखेच्या दारात असं कुणी येत नाही. माझी सगळी काळजी तिथूनच सुरू होते.

या पत्राची फ्रेंच प्रत टपालाने आपल्या कार्यालयात येईल. मराठीत ते छापतो आहे, कारण या यंत्राशी आमचं एक जुनं नातं आहे. ते पुढे सांगतो. शिवाय आर्कच्या कारखान्यातले लुमिनार्कचे काचेचे पेले इकडच्या कितीतरी घरांच्या शोकेसमध्ये असतात. त्या गावात काचेपलीकडे काय आहे, हेही लोकांना कळू दे.

आपल्याला तोंडपाठ असलेला इतिहास आमच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगून घेतो. नफोसे कालवा आ आणि लिस या दोन नद्यांना जोडतो. मुळात तो फ्लँडर्सच्या सरदाराने अकराव्या शतकात संरक्षणासाठी खणलेला चर. अठराव्या शतकात तो नौकांसाठी रुंद केला गेला. फाँतिनेतपाशी जमीन एकदम 13 मीटरने उतरते. हा उतार पार करायला पाच लॉक एकापुढे एक बांधली होती. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमधला हौद : नाव आत घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की नाव वरच्या किंवा खालच्या पातळीला येते. पाचही लॉक एकमेकांना चिकटलेली असल्यामुळे चढणाऱ्या आणि उतरणाऱ्या नावा मध्ये एकमेकींना ओलांडू शकत नसत. म्हणून एक दिवस चढणाऱ्यांचा, एक दिवस उतरणाऱ्यांचा. कोळसा, बीट, धान्य भरलेल्या नावा दिवसेंदिवस रांगेत उभ्या राहायच्या.

1879 साली फ्रान्सचे सार्वजनिक बांधकाम मंत्री फ्रेसिने यांनी देशभरच्या कालव्यांना एकच माप लावलं. त्यानुसार साडेअडतीस मीटर लांब आणि पाच मीटर रुंद अशा नावा सगळीकडे जायला हव्यात, असं ठरलं. फाँतिनेतची कोंडी तेव्हा सहन होईना. काम एडविन क्लार्क नावाच्या इंग्रज अभियंत्याच्या आराखड्यावर ठरलं आणि पॅरिसच्या ‘काय’ (Cail) कंपनीने ते बांधलं. 1888 साली लिफ्ट सुरू झाली.

आता यंत्राबद्दल. इथे मला जरा रेंगाळू द्या, कारण जीर्णोद्धाराचा सगळा वाद शेवटी यंत्र म्हणजे नेमकं काय यावरच येऊन थांबतो.

पाण्याने भरलेल्या दोन लोखंडी टाक्या, प्रत्येकी सुमारे चाळीस मीटर लांब. प्रत्येक टाकी एकाच जाड दट्ट्यावर उभी. दट्ट्याचा व्यास दोन मीटर, लांबी सतरा मीटरच्या आसपास. तो जमिनीत खोल पुरलेल्या सिलिंडरमध्ये वर-खाली होतो. दोन्ही सिलिंडरांतही पाणीच, आणि ती एका नळाने जोडलेली. नळावर झडप. एक टाकी वर असते तेव्हा दुसरी खाली. झाला तराजू. वरची टाकी कालव्याच्या पातळीपेक्षा फूटभर खाली थांबवायची, म्हणजे दरवाजा उघडला की तिच्यात फूटभर जादा पाणी शिरतं. चाळीस मीटर बाय साडेपाच मीटर, त्यावर एक फूट पाणी : वहीच्या कोपऱ्यावर हिशेब केला तरी पासष्ट-सदुसष्ट टन येतात. मग झडप उघडायची. जड टाकी खाली जाते, हलकी वर येते. पाचेक मिनिटांत काम संपतं.

नाव भरलेली की रिकामी, याने काही फरक पडत नाही, हे यातलं मला सर्वांत आवडणारं अंग. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, हे आर्किमिडीजने सांगून ठेवलंय. तीनशे टनांची नाव टाकीत शिरली, तर तीनशे टन पाणी टाकीबाहेर जातं. टाकीचं वजन तेवढंच राहतं, सुमारे आठशे टन. हे आठशे टन दोन मीटर व्यासाच्या दट्ट्यावर पेलायचे, तर आतला दाब चौरस सेंटिमीटरला पंचवीस किलोच्या घरात जातो. आमच्या खात्यात अशा दाबाचा नळ टाकायचा असता, तर फाइल तीन टेबलांवरून परत आली असती.

आणि क्लार्कचीही फाइल परत आलीच होती. इंग्लंडमध्ये चेशायरला अँडर्टन इथे त्याने 1875 साली अशीच लिफ्ट बांधली होती, पंधरा मीटर उंचीची. 1882 साली तिचं एक ओतीव लोखंडी सिलिंडर फुटलं, तेव्हा टाकी वर होती आणि तिच्यात नाव होती. टाकी वेगाने खाली आली, पण सुदैवाने पाणी फटीतूनच निघत राहिल्याने तिचा वेग आवरला गेला आणि कुणाला इजा झाली नाही. पण ती बातमी ऐकून फ्रेंच अभियंते सावध झाले. फाँतिनेतला ओतीव सिलिंडर नको, असं ठरलं. त्याऐवजी पोलादाच्या लाटलेल्या कड्या एकावर एक रचून सिलिंडर बनवलं आणि आतून त्याला तांब्याच्या पातळ पत्र्याचं अस्तर दिलं. तांब्याचं काम गळती रोखण्याचं, पोलादाचं काम दाब सोसण्याचं. प्रत्येक कडीची स्वतंत्र तपासणी करता येते, हाही त्यातला फायदा. इतकं विचारी काम आज सगळं जमिनीखाली आहे, म्हणून ते कुठल्याही छायाचित्रात येत नाही.

मी आर्कला आलो तेव्हा लिफ्टभोवती बराच वेळ फिरलो. विटांचे ते तीन चौकोनी मनोरे आणि त्यांच्यामधल्या टाक्या अजूनही दिमाखात उभ्या आहेत. पण एका पत्र्याच्या जोडाकडे जवळून पाहिलं. दोन पत्रे एकमेकांवर चढवून रिव्हेट मारलेले असतात. त्या दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत गंज साचला की तो लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. पत्रा दोन रिव्हेटांच्या मध्ये फुगतो आणि रिव्हेटचं डोकं ताणलं जातं. बोटाने चाचपलं तर फुगवटा लागतो. वरून तीन हात रंग मारला तर हा फुगवटा दिसायचा थांबेल, वाढायचा थांबणार नाही. आमच्याकडे विमोचकाच्या दरवाज्यांवर हा प्रकार पुष्कळ पाहिला आहे. साहेबांची भेट ठरली की दरवाजा हिरवागार होतो. त्याचा खालचा रबर मात्र तसाच गळत असतो.

म्हणून माझी पहिली विनंती. जीर्णोद्धार म्हणजे मनोरे धुणं, टाक्यांना मूळ छटेचा रंग देणं, दिव्यांची रोषणाई करणं आणि शेजारी प्रदर्शन-दालन उघडणं, एवढ्यावर समाधान मानू नका. ते सगळं करा, त्याने पर्यटक येतील, माझा विरोध नाही. पण ती लिफ्ट हलली पाहिजे, आणि हलण्यासाठी वरच्या शाखेत पाणी पाहिजे. कालवा कोरडा ठेवून बोट-लिफ्टचं संग्रहालय चालवायचं म्हणजे लोकांना चित्र दाखवायचं आणि त्याला यंत्र म्हणायचं.

यावर एखादे सदस्य विचारतील, आणि विचारायलाच हवं : 1967 साली शेजारी 144 मीटर लांब, 12 मीटर रुंद असं नवं लॉक झालं. डंकर्कपासून एस्को नदीपर्यंतच्या मोठ्या जलमार्गावरचे ताफे ते एका दमात तेरा मीटर उचलतं. मालाची एकही नाव जुन्या शाखेतून जाणार नाही. मग हलवायचं कशासाठी आणि कोणाच्या पैशाने?

मालवाहतुकीसाठी हलवा, असं मी म्हणतच नाही. तो युक्तिवाद करणारा माणूस आपली फसवणूक करतो आहे, असं खुशाल समजा. पण शेजारच्या बेल्जियमकडे पाहा. सांत्र कालव्यावरच्या चार लिफ्टपैकी पहिली आपल्याच लिफ्टबरोबर 1888 साली सुरू झाली, तीही क्लार्कच्याच पद्धतीची. 2002 साली स्ट्रेपी-तियू इथे 73 मीटर उंचीची प्रचंड लिफ्ट झाली आणि मालाच्या नावा तिकडे गेल्या. तरी जुन्या चौघींना त्यांनी मरू दिलं नाही. त्याआधीच, 1998 मध्ये, त्या जागतिक वारसा यादीत गेल्या होत्या. प्रवासी नावा त्यांच्यातून नेल्या जातात. कॅनडात ओंटारियोतल्या पीटरबरो इथली लिफ्ट 1904 सालची. ती आजही टाकीत फूटभर जादा पाणी घेऊनच चालते, म्हणजे ज्या तत्त्वावर फाँतिनेत चालत असे, त्याच तत्त्वावर. तेव्हा हे तंत्र जुनाट झालं, आता शक्य नाही, असा अभिप्राय कुणी लिहिला, तर त्यांना पीटरबरोला पाठवा.

अँडर्टनची हकीगत आपल्या जास्त कामाची आहे, कारण ती सरळ नाही. तिथल्या दट्ट्यांना कालव्याच्या रसायनमिश्रित पाण्याने खाल्लं. चरे बुजवायला तांबं वापरलं, त्याने गंज उलट वाढला. शेवटी 1908 मध्ये ती विजेवर आणली : वर नवा सांगाडा, चाकं, तारा आणि प्रत्येक टाकीला स्वतंत्र प्रतिभार. 1983 मध्ये तपासणीत सांगाडाच गंजलेला निघाला आणि लिफ्ट बंद झाली. पुढे स्थानिक कालवाप्रेमींनी आणि स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, वर्गणी गोळा झाली, लॉटरीच्या वारसा निधीतून मोठा वाटा आला. सुमारे सत्तर लाख पौंड खर्चून 2002 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्यांनी काय केलं बघा. दट्ट्याची मूळ पद्धत परत आणली, पण पाण्याऐवजी तेल घातलं. 1908 चा सांगाडा तसाच ठेवला, त्याच्यावर आता भार नाही. शुद्धतावाद्यांना ते खटकलं असेल. मला विचाराल तर निर्णय योग्य होता. वारसा म्हणून एखादं यंत्र चालतं ठेवायचं, तर त्याच्या पोटात नवं तेल जाणारच. फक्त काय नवं आणि काय जुनं, हे स्पष्ट लिहून ठेवावं.

आणि तरीही ती लिफ्ट अलीकडे पुन्हा दुरुस्तीसाठी थांबवावी लागली. यावरून कुणी म्हणेल, पाहा, पैसा पाण्यात गेला. मी म्हणेन, सत्तर लाख पौंड उभे करणाऱ्यांनी पुढच्या देखभालीचा निधीही त्याच कागदावर मागायला हवा होता. उद्घाटनाची फीत कापायला पैसे मिळतात, ग्रीस लावायला मिळत नाहीत. हे चेशायरला खरं, बारामतीला खरं आणि आर्कलाही खरं असणार.

आता ते जुनं नातं. क्लार्क मूळचा पुलांचा माणूस. वेल्समध्ये मेनाईच्या सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सनचा ब्रिटानिया पूल झाला, त्यावर तो जागेवरचा प्रमुख अभियंता होता. तिथे दीड हजार टनांहून जड लोखंडी नळ्या पाण्यावरून तरंगत आणून हायड्रॉलिक दाबयंत्रांनी वर उचलल्या. स्टीफन्सनची सक्त ताकीद होती : नळी जसजशी वर जाईल, तसतसा तिच्याखाली आधार भरत न्या. 1849 साली एका दाबयंत्राचा सिलिंडर खरोखरच फुटला. आधार भरलेला होता म्हणून नळी काही इंचच खाली बसली आणि पूल वाचला. पाण्याच्या दाबाने अवजड वस्तू उचलण्याचं वेड क्लार्कने तिथून घेतलं असणार. पुढे लंडनच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये अख्खी जहाजं पाण्याबाहेर उचलणारी गोदी त्याने उभी केली, आणि त्याच पद्धतीची गोदी 1870च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई बंदरात हॉग आयलंडवर झाली. फौजा वाहणारी मोठी जहाजं उचलून त्यांचा तळ साफ करता यावा, हा हेतू. फाँतिनेतची ही थोरली बहीण म्हणायला हरकत नाही. ती फार काळ चालली नाही. आज मुंबईत शंभर माणसांना तिच्याबद्दल विचारलं, तर शंभरही तोंडाकडे पाहतील. ज्यांची थोरली नाहीशी झाली, त्यांनी धाकटीसाठी बोलू नये, असं आपण म्हणणार नाही, ही आशा.

खर्चाचं मी उगाच सोपं करून सांगणार नाही. आकडे आपले अभियंते काढतील. पण क्रम मात्र सांगतो, कारण क्रम चुकला की पैसा वाया जातो, एवढं नोकरीत शिकलो. पहिला पैसा जमिनीखाली घाला. सिलिंडरांच्या विहिरीतलं पाणी उपसा, कडी न् कडी तपासा, तांब्याच्या अस्तराची जाडी मोजा, दट्ट्यांचा पृष्ठभाग पाहा. हे कळल्याशिवाय वरचा कुठलाही अंदाज म्हणजे अंदाजपंचे. दुसरा पैसा शाखेच्या तळाला आणि भरावाला. मातीच्या अस्तराचा कालवा कोरडा राहिला, की माती भेगाळते. भरावावर झाडं वाढतात आणि मुळं पाण्याला वाट करून देतात. पुढे कधीतरी पाणी सोडलं, की ते भलतीकडेच निघतं. म्हणून जिथे अजून पाणी आहे तिथे ते टिकवा, आणि जिथे नाही तिथे निदान झाडं तरी काढा. हे काम आजच्या अर्थसंकल्पातही बसेल. टाक्यांचे पत्रे तिसऱ्या क्रमांकावर. रंग सगळ्यांत शेवटी.

दोन्ही टाक्या एकदम चालवणं झेपणार नसेल, तर एक चालवा. एकच टाकी असेल तर तराजू होत नाही, पंप लावावा लागतो, वीज लागते. चालेल. चाळीस मीटरची टाकी पाण्यासकट आणि नावेसकट वर चढताना एखाद्या शाळेच्या सहलीने पाहिली, तर दुसरी टाकी चालवायला पैसे मागणारी पिढी त्यातूनच निघेल. नावांची कमतरता आपल्याकडे नाही. सेंतोमेरच्या पाणथळ प्रदेशात, जो 2013 पासून युनेस्कोचं जीवावरण क्षेत्र आहे, आजही टपाल नावेने जातं आणि फुलकोबीची शेती पाटांच्या जाळ्यात होते. आर्कहून आ नदीच्या खोऱ्यात हौशी मंडळी जुनी आगगाडी चालवतात. यंत्र जिवंत ठेवणारी माणसं त्या गावात आहेत, त्यांना बोलवा. नवं लॉक ज्यांच्या ताब्यात आहे, त्या राष्ट्रीय जलमार्ग संस्थेलाही चर्चेला बसवा, कारण पाण्याची पातळी अखेर त्यांच्याच हातात.

पैशाबद्दल एकच सांगतो. आपल्याच प्रांतात सेन-नॉर कालवा खणला जातो आहे, 107 किलोमीटरचा, पाच अब्ज युरोंहून अधिक खर्चाचा. तो पूर्ण होईल तेव्हा डंकर्क-एस्को जलमार्गाला जोडला जाईल, म्हणजे आपल्या नव्या लॉकच्या जाळ्यात येईल. त्याचं उद्घाटन मोठं होईल, मंत्री येतील, भाषणांत जलवाहतुकीचा इतिहास येईल. तो इतिहास ज्या ठिकाणी हाताने दाखवता येतो, ते ठिकाण आर्कला आहे. नव्या कालव्याच्या खर्चातला जो हिस्सा प्रदर्शनं, फलक आणि पुस्तिकांवर जाईल, त्यातला काही भाग या सिलिंडरांच्या तपासणीसाठी मागा. मागितल्याशिवाय मिळत नाही, हे सांगायला अभियंता लागत नाही.

आमच्या वाचकांनाही एक सांगायचं आहे. उत्तर फ्रान्सला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी पॅरिसहून थेट ब्रुसेल्स किंवा लंडन गाठतात. वाटेत एक दिवस काढा. आर्कला उतरा, लिफ्ट बघा, आणि गावातल्या कुणालाही विचारा की ही कधी चालू होणार. परदेशातून आलेल्या माणसाने विचारलेला प्रश्न नगरपालिकेपर्यंत लवकर पोहोचतो, असा माझा तरी अनुभव आहे.

आणि आपल्याला, अध्यक्ष महोदय, शेवटची विनंती : पुढची निविदा काढाल, तेव्हा पहिल्या कलमात रंग नको, सिलिंडरची तपासणी असू द्या, आणि तिचा अहवाल गावाच्या सूचना-फलकावर लावा.

आपला नम्र,
एक निवृत्त पाटबंधारे अभियंता
पुणे